हगवणीची गोळी

बहीण त्याला हाताला धरून आत घेऊन आली तेव्हा बाहेर बाकड्यांवर अजून चाळीसेक माणसं बसली होती, लाईट गेलेली होती आणि माझा चहा टेबलावर साय धरून थंड झाला होता. दिवाळी होऊन आठेक दिवस झाले असतील. चंद्रपुरात दिवाळीनंतर छातीच्या डॉक्टरलाच श्वास घ्यायला फुरसत नसते. घुग्घुसकडून कोळशाची धूळ छातीत भरून घेतलेले येतात, फटाक्यांच्या धुरानं दमा उसळलेले येतात, धानाच्या मळणीवरून खोकत खोकत आलेले येतात. मी मान वर न करताच म्हटलं, "बसा. काय होतंय?"

"काई होत नाई जी," तो म्हणाला. "बाईच उगाच घेऊन आली."

एवढं बोलायला त्यानं मध्ये दोनदा श्वास घेतला. तेव्हा कुठं मी मान वर केली.

दोघांना मी चांगली ओळखत होते. तो बत्तीस वर्षांचा, सावलीच्या पुढं वैनगंगेजवळच्या एका गावचा. राइस मिलवर इंजिन सांभाळायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी दोन्ही किडन्या बसल्या. मग आठवड्यातून दोनदा बसनं चंद्रपूरला येऊन डायलिसिस, असं दोन-अडीच वर्षं. त्याची ही बहीण त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा होता. बहिणीचं लग्न झालं, नवरा वर्षभरात साप चावून गेला, ती माहेरी परत आली आणि तिनं या भावालाच पोर मानून वाढवलं. तो तिला 'बाई' म्हणतो, म्हणून गावही बाई म्हणतं, आणि मीही बाईच म्हणू लागले. मागच्या हिवाळ्यात नागपूरला बाईनं त्याला आपली एक किडनी दिली.

बाई त्या ऑपरेशनला रोवणा म्हणायची. धानाचे परे, म्हणजे कोवळी रोपं, एका बांधीतून उपटून दुसऱ्या बांधीत लावतात तो रोवणा. "मह्या बांधीतला परा त्याच्या बांधीत रोवला," असं ती दवाखान्यात भेटेल त्याला सांगायची, आणि दर खेपेला मला विचारायची, "मूळ धरलं ना जी त्यानं?" मी रिपोर्ट पाहून म्हणायचे, "धरलं बाई, चांगलं धरलं." नागपूर लांब पडतं, म्हणून मधली तपासणी माझ्याकडं करायची असं तिथल्या डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. मी तशी साधी एमडी, पण गावानं मला छातीची डॉक्टर करून टाकलंय. आमच्या अब्बांचा वरोऱ्याला गाद्या भरायचा कारखाना होता, कापसाचे तंतू खाऊन खाऊन ते खोकत गेले. तेव्हापासून खोकणारा माणूस दिसला की माझा पाय निघत नाही. त्याचीच शिक्षा म्हणा हवं तर.

बोटाला यंत्र लावलं. बसल्या जागी ऑक्सिजन पंच्याण्णव. वाईट नाही. मी त्याला उठवलं आणि म्हटलं, "त्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन ये." बाई हसली. म्हणाली, "मी बी तेच म्हनलं जी. बसून असला की चांगला, चालला की लुळा." तो गेला आणि आला. ऐंशीवर तीन. ओठ निळे पडायला लागले होते आणि लेकाचा तरी म्हणतो, "काई नाई जी, थोडा दम लागला."

"किती दिवसांपासून ताप आहे?" मी विचारलं.

"पंधरा," बाई म्हणाली. "गावच्या डाक्टरनं टायफाइड म्हनलं, सुया देल्या. दुसरा म्हने टीबी हाय, गोळ्या चालू करा. मी नाई म्हनलं. म्हनलं म्याडमले दाखवल्याबिगर नवी गोळी पोटात जाणार नाई."

मी मनातल्या मनात तिचे पाय धरले. टीबीचं औषध चालू केलं असतं तर किडनी टिकवणाऱ्या औषधाचा असर निम्म्यावर आला असता आणि किडनी तिथंच गेली असती. एक्स-रे काढला. एक्स-रे जवळजवळ साफ. आता एवढा दम आणि फोटो साफ, हे पाहून नव्या डॉक्टराला बरं वाटतं. मला नाही वाटलं. लगेच सीटी स्कॅनला पाठवलं. दोन्ही फुफ्फुसांवर सगळीकडं फिकट पांढरं सारवण घातल्यासारखं दिसत होतं.

हे काय आहे ते मला कळलं होतं. एक बुरशी असते, हवेतून येते, तुमच्या-माझ्या छातीत येऊन जाऊन असते आणि आपल्याला कळतही नाही. शरीराची राखण जागी असते तोवर ती काही करत नाही. पण किडनी दुसऱ्याची बसवली की शरीर तिला परकी समजून खायला उठतं, म्हणून आम्ही औषधं देऊन त्या राखणदारांनाच झोपवतो. राखणदार झोपला की नको ते आत शिरतं. हे सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे, म्हणूनच ऑपरेशननंतर एक गोळी रोज देऊन ठेवतात. मोठी पांढरी गोळी. ती चालू असली की ही बुरशी सहसा येतच नाही.

आणि ती तर चालू होती. मी स्वतः लिहिलेली होती. मग हे आलं कुठून? त्याला वर आयसीयूत पाठवून मी बाईला म्हटलं, "बाई, औषधांची पिशवी दाखवा."

बाईला अक्षरओळख नाही. पण ती पिशवी पाहून माझ्या वॉर्डातल्या नर्सनं शिकावं. जुन्या लुगड्याची शिवलेली, तीन कप्प्यांची. सकाळच्या कप्प्यावर लाल टाका, दुपारच्या कप्प्यावर पिवळा, संध्याकाळच्या कप्प्यावर काळा. रंग आणि आकार पाहून कोणती गोळी कधी, किती, जेवणाआधी की नंतर, सगळं तोंडपाठ. किडनीच्या गोळ्या तर ती घड्याळ लावून द्यायची. शेजारच्या पोराकडून मोबाईलमध्ये गजर लावून घेतला होता. मी एकेक पाकीट बाहेर काढत गेले. अकरा झाली, बारा झाली. ती काही निघेना.

"बाई, ती मोठी पांढरी कुठं आहे?"

"कोनती? हगवनीची?"

"हगवणीची?"

"हो ना जी. ते तं बंद केली मी. पानी पडाले लागलं तवाच."

"बंद केली? काऊन?"

"त्याले कुठी हगवन हाय!" बाई म्हणाली. मी फारच येडपट प्रश्न विचारला असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी खुर्चीत मागं टेकले. तिनं मग मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. ती गोळी ती लहानपणापासून ओळखत होती. गावात कुणाच्या पोराला हगवण लागली की उपकेंद्रातून हीच गोळी मिळायची. असंच पाकीट, असाच आकार. तेरा प्रकारच्या गोळ्यांमध्ये तिला नावागावानं माहीत असलेली ही एकटीच. बाकीच्या सगळ्या नागपूरच्या, अनोळखी, त्यांना हात लावायची तिची हिंमत नव्हती. आणि येणारा-जाणारा तर सांगायचाच, अवो इतक्या गोळ्या खाऊन किडनीवर भार पडते. किडनी तर तिचीच होती. तिनं विचार केला, एक तरी भार कमी करावा. मग कमी करायची ती ओळखीचीच केली.

"आणि त्या गोळ्या? दर महिन्याला तर नेत होतात."

"फेकल्या नाई जी," ती घाईनं म्हणाली. मी रागावीन असं तिला वाटलं असावं. "वाया कशाले जाऊ द्याच्या? गावातल्या पोट्ट्याइले देल्या. पावसाळ्यात लय हगवन होती. अर्धी अर्धी देली. सारे पोट्टे बरे झाले, बाप्पा."

या अल्लाह. मला हसावं की रडावं ते कळेना. भावाच्या छातीवरची राखण काढून बाईनं अख्ख्या गावाची पोटं बरी केली होती.

राग तर आला होताच. माझी जीभ तिखट आहे, सगळा दवाखाना जाणतो. अवो बाई, तुम्ही काय करून बसल्या, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ती पुढं म्हणाली, "तुमालेच तं विचारलं होतं मी. तुमी म्हनल्या, ते साधी हाय."

मग मला आठवलं. जूनचा शेवट होता. हे दोघं दुपारी दोनच्या पुढं आत आले होते. मी त्याचे रिपोर्ट वहीत उतरवत होते आणि बाईनं टेबलावर ते पाकीट ठेवून विचारलं, "हे कायची गोळी हाय जी?" मी लिहिता लिहिताच म्हटलं, "ती साधीच आहे. बाकीच्या मात्र चुकवू नका." माझ्या मनात होतं की ही गोळी सोपी आहे, हिची भीती नाही, हिचे रक्ताचे रिपोर्ट करत बसावे लागत नाहीत. बाईनं ऐकलं ते एवढंच की बाकीच्या महत्त्वाच्या आणि ही साधी. कुणीही तेच ऐकलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडं करायची?

"काऊन जी?" बाईनं विचारलं. "त्याच्यानं झालं का हे?"

ती माझ्याकडं पाहत होती. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं होतं आणि इतकं आवळलं होतं की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, "नाही हो बाई. ही हवेतली बुरशी आहे. राइस मिलवर कोंडा असतो, धूळ असते, तिथं बसतो ना तो. हवेतून आली."

हवेतून आली हे खोटं नव्हतं. पण मी ते खरं बोलायला म्हणून सांगितलं नव्हतं. बाईचं तोंड बघवेना हे एक झालं, आणि दुसरं असं की त्या अर्ध्या खऱ्यात मीही सुटत होते. मला ते तेव्हाच कळलं होतं. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

उपचार काय होता? तीच गोळी. रोजची एक चुकली म्हणून आता दिवसाला दहा-बारा. इंजेक्शन ना चंद्रपुरात मिळालं ना नागपुरात, म्हणून नर्स खलबत्त्यात गोळ्या कुटायची, पाण्यात कालवायची आणि नाकातल्या नळीतून द्यायची. मी तिला सांगितलं, "रिकामी पाकिटं बाहेरच्या डब्यात टाकू नको. त्याच्या बहिणीला दिसायला नकोत." तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. वीस वर्षं ती माझ्या हाताखाली आहे आणि पेशंटपासून काही लपवायचं नाही म्हणून मी तिला कितीदा झापलंय. तिनं पाकिटं खिशात घातली.

या आजारात औषध चालू केल्यावर आधी पेशंट बिघडतो आणि मग सुधरतो, सुधरायचा असेल तर. पुस्तकात हे एका ओळीत असतं. आमच्याकडं त्या ओळीचे चार-पाच दिवस होतात. दुसऱ्या दिवशी साधा ऑक्सिजन पुरेना. तिसऱ्या दिवशी तोंडाला घट्ट मास्क बांधून मशीननं हवा ढकलावी लागली. मास्क आला तो एवढा मोठा की त्याच्या बसक्या गालांवरून सगळी हवा फुस्स करून बाहेर. मी कंपनीच्या माणसाला फोनवर इतकं बोलले की पलीकडून तो "म्याडम, म्याडम" एवढंच म्हणत राहिला. शेवटी नर्सनंच गालाखाली कापसाच्या घड्या लावल्या. कापूस शेवटी आमच्याच कामाला आला.

बाई जिन्याखाली सतरंजी टाकून बसायची. दिवसातून दोनदा तिला आत सोडायचे. ती त्याच्या पायाशी उभी राहायची, पायाला हात लावून ताप बघायची आणि बाहेर यायची. मी जिन्यावरून जाताना-येताना ती उठून उभी राहायची. "बसा हो बाई," मी म्हणायचे. बसायची नाही. मला त्या उभं राहण्याचा इतका त्रास व्हायला लागला की मी मागच्या लिफ्टनं जायला लागले. गुडघे दुखतात असं सांगितलं. गुडघे खरोखरच दुखत होते, पण ते काही त्या दिवसापासून नव्हे.

पाचव्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. किडनी टिकवणारं एक औषध आम्ही पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. आता दुसरंही कमी करायचं, म्हणजे शरीराची राखण थोडी तरी जागी होईल आणि छातीला आधार मिळेल. पण जागी झालेली राखण किडनीवरही धावून जाऊ शकते. "छाती की किडनी, ते घरच्यांना विचारून घ्या," ते म्हणाले. फोनवर बोलायला काय जातं! मी खाली गेले. यावेळी जिन्यानं गेले. बाई उभी राहिली.

मी तिला सरळ सांगितलं. श्वास वाचवायचा तर किडनी जाऊ शकते. जाईलच असं नाही, पण जाऊ शकते.

"म्हंजे मही किडनी?"

"हो."

ती म्हणाली, "मह्याकडं अजुक एक हाय ना जी. हे गेली तं ते घ्या."

"बाई, ती काढली तर तुम्ही कशा जगाल?"

"डायलिसिसवर जगीन. तो नाई जगला का अडीच वरीस? मले सारं माहीत हाय, कुठी बसाचं, केवढं पानी प्याचं. मीच तं आनत होती त्याले." ती हे अगदी हिशेबात सांगत होती, रडत नव्हती. "त्याचं वय हाय जी. मह्यानं काय होते आता?"

असं करता येत नाही, कायद्यातही नाही आणि माझ्यातही नाही, हे मी तिला सांगितलं, बहुतेक जरा रागावूनच सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मंग श्वास वाचवा. तो जगला पाहिजे, बस." आणि तिनं कागदावर अंगठा दिला. मला तिथंच तिच्या सतरंजीवर बसून घ्यावंसं वाटलं. वरून बोलावणं आलं म्हणून वर गेले.

पुढचे तीन दिवस काय सांगू. छातीचा आकडा जागचा हलेना आणि किडनीचा आकडा रोज वर चढत होता. एक दिवस तर मी रिपोर्ट उघडलाच नाही, नर्सला म्हटलं, "तूच वाच." लघवी कमी झाली. पायावर सूज आली. मी ओपीडीत बसायचे, खोकणारे यायचे-जायचे, मी लिहायचे, आणि बोलता बोलता पेशंटचं नाव विसरून जायचे. आठव्या दिवशी सकाळी राउंडला गेले तर तो मास्क बाजूला करून नर्सला म्हणत होता, "सिस्टर, भात भेटन का जी?" मी यंत्राकडं पाहिलं. साध्या ऑक्सिजनवर त्र्याण्णव. नर्स माझ्याकडं बघून हसली आणि मग डोळे पुसायला तोंड फिरवलं. मी तिला म्हटलं, "बघतेस काय, भात आण." दोन दिवसांनी किडनीचा आकडाही थांबला, मग हळूहळू उतरला. पहिल्यासारखा झाला नाही, आणि होणारही नाही. पण किडनी राहिली. नागपूरला पाठवलेल्या थुंकीचा रिपोर्ट तेवढ्यात आला. बुरशी तीच होती.

तो बोलायला लागला तेव्हा एका दुपारी त्यानं मला हातानं जवळ बोलावलं. बाई खाली जेवायला गेली होती.

"म्याडम, बाईले सांगू नका."

"काय सांगू नको?"

"गोळीचं. मले माहीत झालं. सिस्टर लोक बोलून राह्यले होते, मी झोपेल नव्हतो." तो थांबला, दम घेतला. "बंद केली ते बी मले माहीत होतं. मले बी वाटलं, एक कमी झाली तं बरंच हाय. पन तिले सांगसान तं ते जगनार नाई. कोंड्यानं झालं म्हनूनच सांगजा."

"सांगितलंय तसंच," मी म्हटलं.

त्याला एवढं बरं वाटलं! माझा हात धरून तो म्हणाला, "लय उपकार झाले जी." मी हात सोडवून घेतला आणि पुढच्या पलंगाकडं गेले. मी केव्हाच बोलून बसलेल्या खोट्याबद्दल माणूस माझे आभार मानत होता आणि मी ते घेतले.

तीन आठवडे पूर्ण झाले आणि त्याला सुट्टी दिली. नर्सनं बाईला नवीन औषधं समजावून दिली, बाईनं पिशवीत लावून घेतली, लाल टाका, पिवळा टाका, काळा टाका. मी केबिनमध्ये फाईल संपवत होते. पडदा सरकवून बाई आत आली. तिच्या हातात एकच पाकीट होतं.

"म्याडम, हे चुकून आली का?"

मोठी पांढरी गोळी.

"नाही बाई. ती रोज एक द्यायची."

"हे तं हगवनीची." ती खरोखर गोंधळली होती. "हवेनं झालं म्हनल्या ना तुमी? मंग हगवनीची गोळी काऊन? त्याच्या किडनीवर तं आता आधीच भार हाय."

"ही तर सा..." मी म्हटलं, आणि माझी जीभ तिथंच अडकली.

मी सांगितलं तर ही बाई मोडेल. नाही सांगितलं, तर घरी जाऊन पंधरा दिवस देईल, एक महिना देईल, मग कुणीतरी सांगेल, अवो किती गोळ्या! आणि कमी करायची वेळ आली की ती पुन्हा ओळखीचीच कमी करेल. पुढच्या वेळी तो माझ्यापर्यंत पोचेल याची काय खात्री? भावाला दिलेला शब्द आणि भावाचा जीव यातलं एकच काहीतरी राहणार होतं. मी उठून दार लावलं, पंख्याखालची खुर्ची ओढली आणि तिला बसवलं.

सगळं सांगितलं. ही गोळी हगवणीची आहे तशी या बुरशीचीही आहे. राखणदार झोपलेले असताना दारात ही एकटी उभी असते. ही बंद झाली म्हणून बुरशी आत शिरली. कोंड्याचं मी जे सांगितलं ते तुमच्या तोंडाकडं पाहून सांगितलं आणि माझी चूक झाकायलाही सांगितलं. साधी आहे असं मीच म्हटलं होतं. तुम्ही माझंच ऐकलंत. भावानं सांगू नका म्हणून हातापाया पडून सांगितलंय, पण मला सांगावं लागतंय, कारण ही गोळी त्याला आता कायमची आहे.

बाई ऐकत होती. पाकीट तिच्या मांडीवर होतं. बराच वेळ ती त्याच्यावरची अक्षरं बोटानं चाचपत राहिली, तिला न येणारी. मग एकदम तोंडात पदर कोंबून ती रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कोंबला, बाहेर भाऊ बसला होता. मी काय करणार, उभी राहिले तिच्याजवळ. पाठीवर हात ठेवायला गेले तर तो तिच्या डाव्या कुशीवरच्या व्रणावर पडला, लुगड्यातूनही हाताला लागला. मी हात वर घेतला.

तिनं तोंड पुसलं. "सकाऊन द्याची का संध्याकाळी?"

"सकाळी. जेवल्यावर."

"लाल टाक्यात." तिनं पाकीट पिशवीच्या लाल कप्प्यात घातलं, वरून दोनदा दाबलं. "अन् आता मी मेली तरी हे बंद नाई करनार. अन् त्याले नाई सांगत की तुमी मले सांगतलं. त्याले वाटू द्या, बाईले माहीत नाई."

"बाई, चूक माझी आहे," मी पुन्हा म्हटलं. मला वाटतं तिनं रागवावं असं मला वाटत होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला झोप आली असती.

ती दारापर्यंत गेली. कडी काढता काढता थांबली.

"त्या दिवशी मले अजुक एक विचाराचं होतं, म्याडम," ती म्हणाली. "साधी हाय म्हनता तं बंद केली तं चालन का, एवढंच. तोंडावर आलं होतं मह्या. पन तुमी भल्ल्या थकेल दिसत होत्या. बाहीर येवढे लोक. मले तुमची कीव आली जी. म्हनलं, जाऊ दे माय, आता या बाईले आनखी बोलाले नको लावू."